गळ्यात कॅमेरा, मनात संकोच

पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद अलीकडे लहान गावांतही बराच वाढला आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्यापासून नागपूरच्या अंबाझरीपर्यंत कोणत्याही तळ्यावर सकाळी जावे, हातभर लेन्स घेऊन उभी असलेली एखादी तरी व्यक्ती दिसतेच. यांतल्या अनेकांची एक तक्रार असते. रानात गेले की काही वाटत नाही, पण गावच्या तळ्यावर फिरायला आलेल्या लोकांसमोर कॅमेरा काढायचा म्हटले की छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो, कानशिले तापतात. 'सगळे आपल्याकडेच बघताहेत', 'या वयात हा काय पोरखेळ, असे म्हणत असतील', असे विचार येतात. काहीजण तर पिशवीची चेन न उघडताच घरी परततात. हा स्वभाव म्हणायचा की आजार, आणि त्यावर करायचे काय, ते आज पाहू.

धोका जाणवला की मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, हाताला बारीक कंप सुटतो. समोर वाघ असो की बाकावर बसलेले चार पेन्शनर, शरीराची प्रतिक्रिया एकाच जातीची. छायाचित्रकाराला मात्र या कंपाची किंमत रोख मोजावी लागते. ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून फोटो घ्यायचा तर शटरचा वेग निदान सेकंदाचा ४००वा भाग ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. हात थरथरत असला तर तोही पुरत नाही. फोटो हलतो आणि 'लोकांसमोर आपल्याला जमतच नाही' ही समजूत आणखी पक्की होते.

लोक खरोखर किती बघतात? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवायचे आणि नंतर विचारायचे, किती जणांच्या लक्षात आले असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज सुमारे निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच ते लक्षात आले होते. लांब लेन्स टी-शर्टपेक्षा ठळक दिसते हे कबूल. तिच्याकडे लोक बघणारच. पण आधी ते कॅमेऱ्याकडे बघतात, मग झाडाकडे, आणि मग स्वतःच्या साखरेच्या आणि सुनेच्या विषयाकडे वळतात. आपल्याविषयी मत बनवण्याइतकी सवड फार थोड्यांना असते.

मग भीती टिकते कशी? डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली याची उकल मांडली. अशा वेळी माणसाचे लक्ष बाहेरून आत वळते. समोरचा पक्षी दिसत नाही. आपण कसे दिसत असू, याचेच चित्र मनात फिरत राहते. त्यात माणूस बचावाच्या युक्त्या करतो. टोपी डोळ्यांवर ओढायची, कोणी आले की फोनवर बोलण्याचे सोंग करायचे, घाईने दोन फोटो उरकायचे. यांनी क्षणभर बरे वाटते, पण मेंदू हिशेब असा मांडतो, की 'लपलो म्हणून वाचलो'. न लपताही काही झाले नसते, हे शिकण्याची संधीच हुकते. (गावातल्या बागेत हिरव्या-मातकट ठिपक्यांचे कपडे घालून येणाऱ्यांचीही गंमतच आहे. पक्ष्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही, माणसे मात्र हटकून वळून बघतात.)

यावरचा उपाय तळ्यावरच पाहायला मिळतो. वंचक, म्हणजे ढोकरी, खेड्यातल्या ओढ्यावर माणूस दिसताच दुरूनच उडतो. तोच पक्षी शहरातल्या तळ्याच्या काठी, फिरायच्या रस्त्यापासून काही पावलांवर निवांत उभा असतो. रोज शेकडो माणसे जवळून जातात आणि काही घडत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. माणसाची भीतीही अशीच उतरते, पण त्यासाठी जागेवर टिकून राहावे लागते. धडधड सुरू होताच निघालो, तर सुटकेचीच सवय लागते.

म्हणून पायरीपायरीने जावे. पहिले तीन-चार दिवस कॅमेरा फक्त गळ्यात अडकवून फेरी मारावी. नंतर एका जागी पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे, धडधड झाली तरी. निघण्यापूर्वी वहीत लिहावे, 'आज लोक हसतील', आणि परतल्यावर खरोखर काय झाले ते शेजारी लिहावे. लक्ष बाहेर वळवण्यासाठी हाताशी काम हवे. टिबुकलीने बुडी मारली की ती वर येईपर्यंत मनात अंक मोजावेत. दहा बुड्या मोजेपर्यंत आपण कसे दिसतो हा विषय मागे पडलेला असतो. 'केवढ्याचा कॅमेरा?', 'पेपरात येणार का?' हे प्रश्न ठरलेलेच. त्यांना एक तयार उत्तर ठेवावे, 'तांबट आहे, उंबर खायला येतो. बघायचाय काका?' काकांना पडद्यावर फोटो दाखवला की दुसऱ्या दिवशी तेच घरट्याची बातमी घेऊन येतात.

मात्र प्रत्येक संकोच मोडून काढायचा नसतो. घाटावर बायका कपडे धूत असतील, झाडामागे कोणाची खिडकी असेल, तर लेन्स तिकडे रोखताना संकोच वाटलाच पाहिजे. तिथे जागा बदलावी, विचारावे, हरकत घेतली तर टिपलेले दाखवावे. स्त्रियांची अडचण तर निराळीच. रोखलेल्या नजरा आणि शेरे हे त्यांच्या मनाचे खेळ नसतात. त्यांनी 'भीती घालवायची' म्हणून निर्जन काठावर एकट्याने थांबू नये. दोघी-तिघींनी मिळून जावे.

हीच भीती लग्नकार्य, बँक, कचेरी, चारचौघांतले जेवण इथेही अडवू लागली, सहा महिन्यांहून अधिक टिकली, तर तो सामाजिक भीतीचा विकार असू शकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या आजारांच्या सूचीत त्याला १९८० सालीच स्थान मिळाले. विचार आणि वर्तन बदलणारे समुपदेशन यावर गुणकारी ठरते, काहींना औषधेही लागतात. हात कापणे आणि धडधड घरी निवांत बसल्यावरही होत असेल, वजनही उतरत असेल, तर आधी थायरॉइडची रक्ततपासणी करावी. रिकाम्या पोटी तीन कप चहा पिऊन तळ्यावर जाणाऱ्यांनी चहा कमी करून पाहावा. धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून मागून घेऊ नये. दमेकऱ्यांना तीतली काही औषधे धोक्याची ठरतात. धीर यावा म्हणून घेतलेला 'एक पेग' तर भीतीच्या जोडीला दुसरे दुखणे आणतो.

जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटता येते. तिथे जाण्याचाही संकोच वाटत असेल, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतून, नाव न सांगताही बोलता येते.