धर्मशाळा

यात्रेकरू, वाटसरू आणि सहकुटुंब प्रवासास निघालेले लोक यांना विनामूल्य अथवा अल्प मोबदल्यात तात्पुरता निवारा मिळावा, या हेतूने दानधर्मातून बांधलेली व चालविलेली वास्तू. धर्मशाळेत प्रवाशाकडून पैसे घेतले जात नाहीत असे नाही. परंतु ते बहुधा ‘देणगी’ या नावाने व देखभालीपुरते घेतले जातात. नफ्यासाठी चालणाऱ्या लॉजपासून ती याच मुद्यावर वेगळी ठरते. सराई, मुसाफिरखाना, पथिकाश्रम, यात्री-निवास, भक्त-निवास ही तिचीच कमीअधिक फरकाची रूपे होत.

प्रवाशांच्या सोयीसाठी रस्त्यालगत वड लावणे, विहिरी खणणे व विश्रांतिस्थाने बांधणे या कामांचा उल्लेख सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात येतो. महाराष्ट्रात सातवाहनकालीन नाणेघाटातील लेण्यांचा उपयोग घाट चढून येणाऱ्या व्यापारी तांड्यांना होत असे. शेरशाह सूर (कार. १५४०–४५) याने आपल्या राज्यातील हमरस्त्यांवर ठराविक अंतरावर सराया बांधल्या व त्यांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत अनेक क्षेत्री घाट, मंदिरे, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. एका राज्यकर्तीने स्वतःच्या राज्याच्या सीमेबाहेर, परक्या मुलखातील वाटसरूंसाठी केलेला एवढा खर्च अन्यत्र क्वचितच आढळतो.

सुटीतील कौटुंबिक सहल ही कल्पना मराठी मध्यमवर्गात मुख्यत्वे विसाव्या शतकात रुजली. तत्पूर्वी अवघे कुटुंब घराबाहेर पडे ते यात्रेसाठी, लग्नकार्यासाठी किंवा आजोळी जाण्यासाठी. यांपैकी राहण्याचा प्रश्न पडे तो यात्रेतच. त्याचे जुने उत्तर म्हणजे क्षेत्रोपाध्यायाचे घर. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील उपाध्याय आपल्या यजमान-घराण्यांच्या वंशावळी वह्यांतून जपून ठेवीत. आलेले कुटुंब आपल्याच वाड्यात उतरवून घेत आणि विधींच्या दक्षिणेत निवासाचाही मोबदला येऊन जाई. पंढरपुरात बडवे व उत्पात यांच्या वाड्यांतून अशीच सोय होती. मात्र ज्याच्या घराण्याची नोंद अशा वह्यांत नव्हती व ज्याला जातीमुळे वाड्यात पाऊल ठेवता येत नव्हते, त्याला नदीचे वाळवंट किंवा झाडाची सावली एवढाच आसरा उरे. धर्मशाळेचा सामाजिक इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

लोहमार्ग सुरू झाल्यावर यात्रेकरूंची संख्या वाढली. १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण होऊन वऱ्हाडचा मुलूख मुंबईशी जोडला गेला. कापसाच्या व्यापारातून पैसा आला आणि व्यापारी घराण्यांनी स्थानकांजवळ धर्मशाळा बांधल्या. मध्ये चौक, भोवती ओवऱ्या, कोपऱ्यात विहीर आणि मागील बाजूस चुली अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. कुटुंबाने शिधा बरोबर आणावा, भांडी व अंथरूण-पांघरूण अनामत ठेवून घ्यावे, स्वयंपाक स्वतः करावा आणि तीन दिवसांत जागा मोकळी करावी, असा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता. तीन दिवसांची ही मर्यादा कठोर वाटली, तरी तिच्यावाचून धर्मशाळेची चाळ व्हावयास वेळ लागत नाही. याच वर्षी सराई अधिनियम संमत होऊन सरायांची नोंदणी आणि त्यांतील स्वच्छता यांविषयी नियम घालण्यात आले.

पंढरपूर, आळंदी यांसारख्या वारकरी क्षेत्री ज्ञातिसंस्थांनी आपापल्या धर्मशाळा उभारल्या. इमारतीच्या दर्शनी भागावर जातीचे नाव कोरलेले असे व प्रवेशाचा अधिकारही त्यावरूनच ठरे. आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या व रीतिरिवाजाच्या लोकांत बायकामुलांसह निर्धास्त राहता यावे, ही त्यामागील गरज खरी होती. परंतु याच व्यवस्थेने अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना बाहेर ठेवले, हेही तितकेच खरे. दानाने बांधलेली इमारत आणि सर्वांसाठी उघडी इमारत या दोन गोष्टी एकच नव्हेत.

हा भेद कृतीने दूर करण्याचे मोठे श्रेय गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. हे गाव सध्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी गेले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेत लोकांचे हाल पाहून त्यांनी तेथे घाट बांधविला. पुढे कीर्तनांतून लोकांना आवाहन करून जमविलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आदी ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूर येथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधविली, ती अस्पृश्य यात्रेकरूंसाठी. विठ्ठलमंदिराचे दरवाजे या लोकांना खुले व्हावयास साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणापर्यंत वाट पाहावी लागली; निवाऱ्याची सोय मात्र त्यांच्यासाठी कितीतरी आधी झाली होती. १९४९ मध्ये ही धर्मशाळा गाडगे महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या वास्तूंवर आपल्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क असू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढील कारभारासाठी त्यांनी विश्वस्त संस्था नेमून दिल्या.

गाडगे महाराजांच्या कार्याचा आणखी एक विशेष म्हणजे धर्मशाळेचे नाते त्यांनी तीर्थाप्रमाणेच रुग्णालयाशीही जोडले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्या प्रेरणेने रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी धर्मशाळा झाली. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आपल्या माणसांसह राहतात. खेड्यातून आलेल्या कुटुंबाला औषधोपचारापेक्षा मुंबईतील मुक्काम अधिक महाग पडतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ (१९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम) याच्या कलम ४ अन्वये सर्वसामान्य जनतेसाठी खुल्या असलेल्या धर्मशाळेत, सराईत वा मुसाफिरखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा दंडनीय अपराध ठरला. राज्यातील धर्मशाळांच्या विश्वस्त संस्थांची नोंदणी व हिशेबतपासणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली होते.

धर्मशाळा स्वस्त का पडते, याची कारणे तिच्या अर्थव्यवहारात आहेत. जमीन बहुधा दान मिळालेली असते आणि बांधकामाचा खर्च देणगीदारांनी खोलीगणिक वाटून घेतलेला असतो. खोलीच्या दारावरची संगमरवरी पाटी ही त्याचीच पावती होय. साहजिकच व्याज आणि नफा यांचा बोजा प्रवाशावर पडत नाही; त्याला द्यावा लागतो तो वीज, पाणी, झाडलोट यांचा खर्च. शेगाव (जि. बुलढाणा) येथील गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनावेतन काम करतात, त्यामुळे हा खर्चही मर्यादित राहतो. तेथील भक्त-निवासांची स्वच्छता आणि शिस्त पुष्कळ महागड्या हॉटेलांनी पाहून घ्यावी अशी आहे. शिवाय धर्मशाळेत आकारणी बहुधा खोलीमागे असते, माणशी नसते. आजी-आजोबा व मुले धरून सहा-सात जणांच्या कुटुंबाला हा फरक फार मोठा पडतो. या पद्धतीचे वैगुण्यही तिच्या अर्थव्यवहारातच आहे. नवी खोली बांधावयास दाता मिळतो, कारण तीवर नाव लागते. जुन्या खोलीचे गळके छत दुरुस्त करावयास सहसा मिळत नाही. ज्या धर्मशाळांना दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी नव्हता, त्यांपैकी कित्येक मोडकळीस आल्या, तर काहींच्या जागी दुकानांचे गाळे उभे राहिले.

वस्तू व सेवाकराच्या आकारणीतही धर्मशाळेचे वेगळेपण मान्य झाले आहे. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलनिवासाची करमाफी काढून घेण्यात आली. मात्र नोंदणीकृत धर्मादाय वा धार्मिक संस्थांच्या, धर्मस्थळाच्या परिसरातील हजार रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्यांची सूट कायम राहिली.

सर्व प्रवास तीर्थाकडेच जातात असे नाही. अंजनगाव सुर्जीहून परतवाडामार्गे चिखलदरा हे सातपुड्यातील थंड हवेचे ठिकाण जवळ आहे. तेथे उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात जाणाऱ्या कुटुंबाला धर्मशाळेच्या परंपरेचा फारसा उपयोग होत नाही. अशा स्थळी ब्रिटिश आमदानीत डाकबंगले व विश्रामगृहे झाली, पण ती प्रथमतः अधिकाऱ्यांसाठी. इतरांना त्यांत जागा मिळे ती उरली तर. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने चिखलदऱ्यासह अनेक ठिकाणी पर्यटक-निवास काढले. मेळघाटात सेमाडोह व कोलकास येथे वनखात्याची निवासस्थाने आहेत. महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने, विशेषतः कोकणात, घरमालकाने आपल्याच घरातील खोल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत वाढीस लावली. उपाध्यायाच्या वाड्यात उतरण्याच्या जुन्या रीतीशी तिचे साम्य आहे. दक्षिणेची जागा दरपत्रकाने घेतली, एवढेच. याउलट परतवाड्याजवळील, परंतु मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडणाऱ्या मुक्तागिरी या जैन तीर्थावर धर्मशाळा आहे. अशा ठिकाणी मद्य-मांस वर्ज्य असते व रात्री भोजनाची सोय नसते. उतरणाऱ्या इतरधर्मीयांनाही ही पथ्ये पाळावी लागतात.

प्रवेशाचे निर्बंध आज निराळ्या स्वरूपात दिसतात. कुटुंबाला सहज मिळणारी खोली एकट्या पुरुषाला, आणि काही ठिकाणी एकट्या स्त्रीलाही, नाकारली जाते. अनुचित प्रकार टळावेत, हा त्यामागील हेतू असला, तरी नोकरीच्या मुलाखतीसाठी परगावी आलेल्या तरुणीची त्यामुळे होणारी कुचंबणा दुर्लक्षिण्याजोगी नाही. ओळखपत्राची सक्ती सार्वत्रिक झाली आहे. अनेक संस्थांनी संगणकीय आरक्षण सुरू केले असून, काही ठिकाणी मात्र आल्या क्रमाने जागा देण्याचा प्रघात टिकून आहे. प्रसिद्ध भक्त-निवासांच्या नावे बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रकमा उकळण्याचे प्रकारही घडले आहेत. आषाढी-कार्तिकीस पंढरपुरात आणि सिंहस्थात नाशिक–त्र्यंबकेश्वर येथे आरक्षण असो वा नसो, धर्मशाळा अपुऱ्या पडतात. त्या दिवसांत तंबू, शाळांच्या इमारती आणि गावकऱ्यांच्या घरांच्या ओसऱ्या यांवरच बहुतेकांची भिस्त असते.