निळाई उडाल्यावर

पेनसिल्व्हेनियात भाच्याकडे मुक्कामाला असताना एका रविवारी सकाळी त्याने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्यापुढे ठेवली, आणि ती त्याने खुशीने, रोकड पैसे मोजून विकत घेतली आहे यावर क्षणभर माझा विश्वास बसेना. ते एक रिव्हॉल्वर होते. नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर निळाई पार उडून रुपेरी पोलाद उघडे पडले होते. अक्रोडाच्या मुठीवरची जाळीदार नक्षी डाव्या अंगाला जशीच्या तशी शाबूत, तर उजव्या अंगाला वापरातल्या पाटासारखी गुळगुळीत आणि वर टोच्यांनी भरलेली. माझी मुद्रा पाहून भाचा हसला. "मामा, रूपावर जाऊ नका," तो म्हणाला, "दुपारी मैदानावर चला, मग बोलू."

येथे एक शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण आपल्याकडे हातात मावणाऱ्या प्रत्येक शस्त्राला सरसकट पिस्तूल म्हणण्याचा प्रघात आहे. १९०९ साली नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंगचे पिस्तूल; त्याची काडतुसे मुठीच्या पोटातून एकामागून एक वर सरकतात. रिव्हॉल्वराची काडतुसे फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसतात आणि प्रत्येक बाराला एकेक घर नळीसमोर हजर होते. सॅम्युअल कोल्टने या रचनेचे अमेरिकन पेटंट १८३६ साली घेतले. भाच्यापाशी होते ते मात्र कोल्टचे नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कारखान्याने १८९९ साली 'मिलिटरी अँड पोलिस' या नावाने बाजारात आणलेल्या आणि पुढे लाखोंच्या संख्येने घडवलेल्या नमुन्यापैकी ते एक. १९५७ साली कारखान्याने नावांऐवजी क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली आणि याच नमुन्याला 'मॉडेल १०' हे रुक्ष नाव मिळाले. पण सिलिंडर बाहेर वळवल्यावर उघड्या पडणाऱ्या खाचेत असा क्रमांक कोरलेला नव्हता आणि अनुक्रमांकाआधी 'सी' हे अक्षर होते, त्यावरून हा नग १९४८ ते १९५७ या दरम्यानचा असावा, असा हिशेब भाच्याने मला मांडून दाखवला.

झीज ही वाचायची असते, हे मला त्या सकाळी कळले. निळाई म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. पोलादाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला, गंजाच्या जातीचा पण पुढील तांबड्या गंजाला काही अंशी थोपवणारा तो एक अतिशय पातळ थर असतो, आणि चामड्याच्या म्यानात रोज आत-बाहेर होताना तो सर्वांत आधी नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या उंचवट्यांवर घासला जातो. उजव्या कमरेला लावलेल्या म्यानात शस्त्राची डावी बाजू अंगाशी आणि उजवी बाहेर राहते. मोटारीचे दार, खुर्चीचा हात, कचेरीतल्या टेबलाची कड यांचे सगळे आघात त्या बाहेरच्या बाजूला सोसावे लागतात. तेव्हा ही मूठ कोण्या उजव्या हाताच्या शिपायाची असणार, आणि त्याची पुष्कळशी नोकरी मोटारीतून उतरण्या-चढण्यात गेली असणार, असे अनुमान काढायला फार मोठ्या तर्कशास्त्राची गरज नव्हती. अशा शिपायाने ते शस्त्र वर्षानुवर्षे कमरेला वागवले, पण बार काढले ते बहुधा नेमबाजीच्या सरावापुरतेच. म्हणून वरचे रूप गेले तरी आतली यंत्रणा ताजी राहिली. पुढे, विशेषतः १९८० नंतर, अमेरिकेतील पोलिसखात्यांनी रिव्हॉल्वरे मोडीत देऊन पिस्तुले घेतली, तेव्हा असे नग बाजारात ढिगाने आले.

अर्थात अनुमानावर कोणी पैसे टाकत नाही. भाच्याने सिलिंडर बाहेर वळवून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री आधी स्वतः केली, मग मला करायला लावली, आणि नंतर परीक्षेचा सगळा विधी करून दाखवला. सिलिंडर पुन्हा बसवून, त्यावर अंगठ्याने अगदी हलका दाब ठेवून, त्याने घोडा सावकाश मागे ओढला. घोडा मागे जात असता आतले एक पोलादी बोट वर सरकून सिलिंडरला षष्ठांश फेरा देते आणि खालचा इवलासा अडसर खाचेत 'टक्' करून बसतो. हा आवाज घोडा पुरता मागे अडकण्याच्या आत यावा, मागाहून नव्हे. मागाहून आला, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळीची कड नळीच्या मागच्या मुखावर तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. एकेका घरासाठी एकदा, असे त्याने हे सहा वेळा केले, आणि सहाही वेळा तो 'टक्' वेळेवर आला. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट इंचाच्या सहा हजारांशांच्या आसपास असावी, म्हणजे साध्या कागदाहून जराशी जाड. ती त्याने पट्टीने मोजली. नळीत दिव्याचा उजेड पाडला, तेव्हा आतले पेच आरशासारखे लखलखले.

याच्या उलट, वरून नवरदेवासारखी नटलेली आणि आतून पोखरलेली रिव्हॉल्वरे खूप असतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, आणि तो हवेतला ओलावा मिठासारखा ओढून घेतो. तेलाने तो विरघळत नाही, पाणी लागते. ज्याने नुसत्या तेलाने पुसून शस्त्र कपाटात ठेवले, त्याची नळी काही आठवड्यांतच देवीच्या वणांसारखी टोचली गेली. दुसरा प्रकार नव्याने निळाई चढवलेल्या नगांचा. त्यापूर्वी पोलाद चाकावर घासून घ्यावे लागते, आणि त्या घासण्यात कडा बोथट होतात, स्क्रूंच्या भोकांचे काठ खोलगट होतात, कारखान्याचे ठसे पुसट होतात. संग्राहक अशा वस्तूला कमी किंमत देतात, आणि माझ्या मते ते बरोबर करतात.

ब्रिटनच्या वेब्ली रिव्हॉल्वरांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. १९१५ च्या 'मार्क ६' ला .४५५ ची जाड काडतुसे लागत. अमेरिकेत ती मिळेनाशी झाल्यावर पुष्कळ नगांच्या सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात .४५ ची पिस्तुलाची काडतुसे बसतील अशी सोय करण्यात आली. अशा नगात भरगच्च लष्करी काडतूस झाडणे म्हणजे त्याच्या सोसण्याच्या मर्यादेशी खेळणे होय; येथे झीज नव्हे, दुरुस्तीच घातक. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने ब्रिटनसाठी केलेल्या 'व्हिक्टरी' रिव्हॉल्वरांना .३८० ची काडतुसे चालत, आणि त्या मापाची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही होत. 'केएफ' असा ठसा उमटवलेली ती काडतुसे जुन्या शस्त्रांच्या परदेशी शौकिनांना चांगली ठाऊक आहेत.

दुपारी मैदानावर मी केवळ प्रेक्षक होतो. पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्याला तिथे सहसा शस्त्र हाती धरू देत नाहीत, आणि मला त्याचे दुःखही नव्हते. याच नमुन्याच्या रिव्हॉल्वराने १९३२ साली एड मॅकगिव्हर्न नावाच्या नेमबाजाने अर्ध्या सेकंदाच्या आत पाच गोळ्या झाडल्या होत्या, हे भाच्याने वाटेत सांगितले होते; स्वतः मात्र तो एकेका गोळीला चांगला अर्धा मिनिट घेत होता. पंचवीस यार्डांवरचा कागद सरकत जवळ आला, तेव्हा पाच भोके माझ्या तळव्याखाली झाकली जातील इतकी जवळजवळ होती आणि सहावे तीन बोटे डावीकडे. मी त्या सहाव्याकडे बोट दाखवले.

"ते माझं," भाचा म्हणाला, आणि सिलिंडरमधली रिकामी काडतुसे ओंजळीत पाडून घेऊ लागला.