युगुलगीत : सूर आणि सहवास

युगुलगीत म्हणजे दोन कंठांची नुसती बेरीज नव्हे. एकानें सोडलेला स्वर दुसऱ्यानें झेलावा, एकाच्या विरामांत दुसऱ्यानें उत्तर शोधावें, हें त्याचें मर्म होय. मग दोघे गायक एकमेकांच्या समोरच नसतील तर?

अमेरिकेचे विख्यात गायक फ्रँक सिनात्रा यांच्या १९९३ च्या 'ड्युएट्स' या गीतसंग्रहानें हा प्रश्न उपस्थित केला. ७७ वर्षांच्या सिनात्रांनीं आपला भाग हॉलिवुडमध्यें वाद्यवृंदासह गाइला. बार्ब्रा स्ट्रायसँड, बोनो इत्यादि पाहुण्यांनीं आपापले भाग निराळ्या ठिकाणीं मुद्रित केले. कांहींचे सूर तर दूरध्वनीच्या तारांवरून आले. यंत्रानें सांधा बेमालूम जुळविला, खपही प्रचंड झाला. परंतु या गाण्यांत संवाद नाहीं, असा आक्षेप टीकाकारांनीं घेतलाच.

त्या पाहुण्यांत टोनी बेनेट हेही होते. पुढें स्वतःच्या युगुलगीतांसाठीं त्यांनीं मात्र समोरासमोर गाण्याची रीत ठेविली. मार्च २०११ मध्यें लंडनच्या अ‍ॅबी रोड ध्वनिमुद्रणगृहांत ८४ वर्षांचे बेनेट व २७ वर्षांची एमी वाइनहाउस एकत्र गाइलीं. ती फार बावरली होती. तिच्या गाण्यांत जुन्या पिढीच्या डायना वॉशिंग्टनची छाया दिसते, असें बेनेट म्हणाले मात्र, तिची भीड चेपली आणि गाणें रंगलें. जुलैमध्यें ती निवर्तली. तें तिचें अखेरचें ध्वनिमुद्रण ठरलें. सप्टेंबरांत बेनेट यांचा 'ड्युएट्स २' प्रसिद्ध होऊन अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिला आला.

सूर तारेवरून धाडतां येतो. धीर मात्र जवळ बसूनच द्यावा लागतो.