कानांनी वाचावयाची कादंबरी

पुस्तक डोळ्यांनी वाचावयाचे, असा आपला नित्याचा समज. परंतु 1935 साली इंग्लंडात अंधांसाठी कादंबऱ्यांच्या तबकड्या निघाल्या आणि वाचनाचे काम कानांकडेही आले. आता तेच वाचन भ्रमणध्वनीवर ऐकू येते. ‘स्टोरीटेल’ ही स्वीडनची संस्था 2017 मध्ये भारतात आली, ती मराठी पुस्तके घेऊनच.

मराठी माणसास यात फारसे नवल वाटू नये. 1961 साली पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर उभी केली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांचे कथाकथन लोकांनी मनमुराद ऐकले. मात्र तेथे श्रोते समोर असत. हशा पिकला की सांगणारा थांबे. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत हसणारे कोणी नसते. न ऐकू येणाऱ्या हशासाठी नेमकी जागा सोडावयाची, हीच विनोदी कादंबरीच्या वाचकाची खरी कसोटी होय.

उदाहरणार्थ मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) घ्या. शाळेच्या वार्षिकात प्रेमाची कादंबरी कशाला, असे कोणी पालक विचारतील. पण तिचा नायक मुकुंद जोशी नववीतलाच आहे! आणीबाणीच्या काळातील हा मुलगा वर्गातल्या शिरोडकरच्या प्रेमाची हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगतो. आपल्याला हसू येते, कारण त्याला ती मुळीच हास्यास्पद वाटत नाही. म्हणून वाचकानेही हसता कामा नये. त्याच्या आवाजात मोठ्या माणसाचा मिस्कीलपणा डोकावला, की मुलगा बावळट ठरतो आणि प्रेमाची थट्टा होते. मुलीचे बोलणे आले म्हणून पुरुषाने आवाज बारीक काढणे तर आम्हांस अगदीच नाटकी वाटते. गती किंचित मंद केली, सूर थोडा हळुवार केला, तरी पुरते.

मिनिटाला दीडशे शब्द धरले, तर तासाला नऊ हजार होतात. सत्तर-ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीस आठ-नऊ तास लागतात. अडखळून पुन्हा वाचलेली वाक्ये निराळीच. इतका वेळ मुलाचा भाबडेपणा टिकवून धरावयाचा!

आमच्या बालाघाट जिल्ह्यात या वाचनाचा आणखी एक उपयोग आहे. येथे पोवारी व हिंदी सतत कानांवर पडतात. मराठी पुष्कळदा पुस्तकातच भेटते. आणि आपली लिपी ‘च’ व ‘ज’ यांचे दंत्य व तालव्य उच्चार वेगळे दाखवीत नाही. आमची घरची भाषा कोकणी. तीतही हे दोन्ही उच्चार आहेत, म्हणून कान चटकन टवकारतात. ‘थोडे’ या अर्थी ‘जरा’ दंत्य, तर ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य. कादंबरीतला पोरगा लाजतलाजत ‘जरा’ म्हणाला आणि वाचकाने तो शब्द हिंदीच्या वळणाने उच्चारला, तर बिचाऱ्या प्रेमिकाच्या तोंडी ऐन नववीत म्हातारपण येते!