मुक्कामाची सोय (लेखांक ६) : घराला माणूस, कुत्र्याला सोबत

दिवाळी जवळ आली की पिंपरी-चिंचवड रिकामं व्हायला लागतं. बोनस हातात पडतो, भोसरी-चाकणच्या कारखान्यांना सुट्टी लागते आणि वल्लभनगरच्या एसटी आगारात मराठवाडा, विदर्भ, खानदेशच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांचा पाय मात्र दारातच अडकतो. रेल्वेने न्यायचा तर पहिल्या वर्गाचं अख्खं कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकट्याला सोडा. बोर्डिंगमध्ये ठेवावा तर रोजचे पैसे जातात आणि भित्रा कुत्रा तिथे अन्नाला तोंड लावत नाही.

याच शहरात त्या दिवसांत राहायला जागा हवी असलेली माणसंही असतात. कुणाला देहू-आळंदी करायची असते, कुणाला लोहगड चढायचा असतो. चाकणमध्ये ट्रेनी असलेल्या, मोशीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला दूरच्या भावंडांना चार दिवस बोलवायचं असतं. पण खोलीवर पाहुणा चालत नाही. या दोन गरजांची गाठ घालणं हा आजच्या लेखाचा विषय : मालक गावाला जातो, पाहुणा त्याच्या घरी फुकट राहतो आणि जनावर सांभाळतो.

जगात हे आता चांगलं रुळलं आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेलं ‘ट्रस्टेड हाउससिटर्स’ हे संकेतस्थळ त्यातलं मोठं नाव. मालक आणि पाहुणा दोघंही संकेतस्थळाला वार्षिक वर्गणी भरतात, एकमेकांना मात्र एक पैसाही देत नाहीत. आपल्या पट्ट्यात मी ओळखीचीच वाट धरायला सांगेन. सोसायटीतलं कुणी, कंपनीतला सहकारी किंवा त्याचा भाऊ, असं मधलं माणूस असलं की दोन्ही बाजूंची झोप शांत राहते. मालक निघण्याआधी पाहुण्याने एक रात्र त्याच घरात काढावी. कुत्रा आपल्याला घरात घेतो की नाही, हे त्या रात्रीच कळतं.

प्राधिकरणातल्या एका बंगल्यात पाहुण्यासाठी लिहून ठेवलेली वही मी पाहिली आहे. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर आणि रेबीजच्या लशीची तारीख. मग जेवण : सकाळी वाटीभर भात आणि एक उकडलेलं अंडं, कांदा-लसूण, चॉकलेट, मनुका अजिबात नाही. गोळी चपातीच्या तुकड्यात घालून द्यायची, कारण नुसती दिली की थुंकतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं आणि मोटर कधी लावायची, हेही होतं. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. मोटर लावायची राहिली, तर पाहुणा आणि कुत्रा दोघंही कोरडे. शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती : फाटक लावल्याशिवाय दार उघडू नये.

ही ओळ दिवाळीत सगळ्यात महत्त्वाची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांना घाबरलेला कुत्रा गळ्यातला पट्टा मागच्या मागे ओढून काढतो आणि वाट फुटेल तिकडे पळतो. त्याला अंधाराआधीच फिरवून आणावं, खिडक्या लावाव्यात, टीव्ही चालू ठेवावा आणि स्वतः घरातच थांबावं. त्या संध्याकाळी मित्रांकडे फराळाला जायचं असेल, तर ही जबाबदारी घेऊच नये. एरवीही कुत्र्याला सहा-सात तासांहून जास्त एकटं ठेवू नये, म्हणजे हिंडण्याचा पल्ला आपोआप ठरतो. आकुर्डी किंवा चिंचवडहून लोकलने लोणावळा होतं, देहू होतं, सोमाटणे फाट्याजवळची घोरावडेश्वरची लेणी होतात. भीमाशंकरचा बेत मी करणार नाही; चाकण चौकातली वाहतूक कधी सुटेल, याचा भरवसा नसतो.

आता कायद्याचं थोडं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने निष्काळजीपणा केला आणि त्यातून माणसाला धोका होण्याची शक्यता असली, तर शिक्षा होऊ शकते. त्या चार दिवसांत ताबा तुमचा असतो. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावं. मालकाने महापालिकेचा श्वान परवाना घरात ठेवावा, सोसायटीच्या गेटवर पाहुण्याचं नाव आधीच द्यावं. पाहुणा परदेशी असेल, तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणं यजमानाचं काम आहे.

परदेशात हा उद्योग करणाऱ्यांनी व्हिसा नीट पाहावा. २०२२ मध्ये कॅनडाला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन बाईंना लॉस एंजेलिस विमानतळावरून परत पाठवण्यात आलं; राहण्याच्या बदल्यात मांजरं सांभाळणं हे अधिकाऱ्यांनी काम धरलं होतं. पैसे घेत नाही म्हणजे काम नाही, हा तर्क तिथे चालला नाही.

पुढच्या आठवड्यात देवस्थानांच्या भक्तनिवासांकडे वळू, सुरुवात आळंदीपासून.