१७५-१८ नंतर

१४ जानेवारी २०२५. सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे दिवस आणि होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. त्याच दिवशी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये भारताच्या मुली खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकातला आपला पहिला सामना खेळल्या. समोर दक्षिण कोरिया. निकाल १७५-१८.

पुढे इराणला त्यांनी १००-१६ असं हरवलं, मलेशियाला १००-२०. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेश १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६६-१६ आणि १९ तारखेच्या अंतिम सामन्यात नेपाळ ७८-४०. पुरुषांनीही उपांत्यपूर्व फेरीत श्रीलंकेवर १००-४० असा विजय मिळवला आणि अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ असं नमवलं. दोन्ही चषक भारताकडे आले. दोन्ही संघांच्या कर्णधारपदी महाराष्ट्राचे खेळाडू, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आपल्या भागाला त्याहून जवळचा आनंद म्हणजे पुरुष संघात माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता आणि महिला संघात शेजारच्या धाराशिवची अश्विनी शिंदे.

हा आनंद खराच आहे. पण आपला खेळ जगात रुजावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने १७५-१८ या आकड्याकडे टाळ्या थांबल्यावर पुन्हा एकदा पाहायला हवं. तो विक्रम म्हणून मिरवण्यासारखा नाही, तसा लाज वाटण्यासारखाही नाही. खेळ घराबाहेर पडला की असे निकाल लागतातच. प्रश्न आहे तो पुढच्या दहा-वीस वर्षांत या आकड्याचं काय होतं, हा.

आधी असा आकडा उभा राहतो कसा ते पाहू. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान, दोन खांब, मधल्या पाटीत आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी आणि एक पाठलाग करणारा, हा आपला पारंपरिक खेळ. पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही आणि खांबाला वळसा घातल्याशिवाय दिशा बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जाता येतं. वरवर पाहता नियम पळणाऱ्याच्या बाजूचे आहेत. तरीही नवखा संघ पळतीतच कोसळतो, कारण साखळी खेळणं, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून आत-बाहेर पळत राहणं, हे महिन्या-दोन महिन्यांत अंगात भिनत नाही. बसलेल्या गड्यामागे हातभर अंतरावर उभं राहायचं, नजर पाठलाग करणाऱ्याच्या चेहऱ्यावर न ठेवता खांद्यावर आणि पुढच्या पावलावर ठेवायची, तो खो देण्यासाठी वाकला की नाही हे त्याच्या कमरेवरून ओळखायचं आणि तळवा पाठीवर पडायच्या आत पलीकडच्या चौकोनात गेलेलं असायचं. चांगला संरक्षक हे सगळं न धापता दोन-अडीच मिनिटं करतो. वेळापुरात, पंढरपूर तालुक्यातल्या वाडीकुरोलीत किंवा धाराशिवात शाळकरी पोरं हे सकाळ-संध्याकाळ मातीत करत मोठी होतात.

पळणारे तिघांच्या तुकडीने उतरतात. तुकडी झटपट बाद झाली की पुढची उतरते, तीही गेली की त्यापुढची, आणि सगळे संपले की पहिली तुकडी पुन्हा मैदानात. म्हणजे दुबळा संघ एकाच पाळीत दोन-दोनदा, तीन-तीनदा बाद होतो. क्रिकेटमध्ये पावसाने, नाणेफेकीने किंवा एका सुटलेल्या झेलाने हात दिला असं होऊ शकतं. खो-खोत नशिबाला जागाच नाही. त्यातून विश्वचषकाचा नवा झटपट प्रकार, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्यांचा आणि एका गड्याला एकाहून अधिक गुण देणारा. फरक दहा पावलांचा असला तरी फलकावर तो कोसभर दिसतो.

आपल्या जुन्या नियमांत याला एक उतारा होता. मोठी आघाडी घेतलेल्या संघाला प्रतिस्पर्ध्यावर लादता येई, की आता तुम्हीच पुन्हा आक्रमण करा. 'एक डाव आणि अमुक गुणांनी विजय' अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत आणि त्यातल्या कितीतरी महाराष्ट्राच्या विजयाच्या आहेत. एकतर्फी सामने आपल्याला मुळीच नवे नाहीत. राष्ट्रीय स्पर्धांत आपण दुसऱ्या राज्यांना असंच हरवत आलो, आणि राज्य स्पर्धांत पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, सांगली, धाराशिव आणि सोलापूर यांच्यासमोर बाकीचे कितीतरी जिल्हे असेच हरत आले.

हेच दुखणं जगात ज्या खेळाने सर्वांत जास्त काळ सोसलं आणि सर्वांत उघडपणे चर्चेत ठेवलं, तो म्हणजे रग्बी लीग. आपल्याकडे रग्बी म्हटलं की एकच खेळ डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते दोन आहेत. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात काही क्लबांनी मूळ संघटनेशी फारकत घेतली. कारण होतं मजुरीचं. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे. सामन्यासाठी शनिवारची पाळी बुडाली की मजुरी बुडायची, आणि तिची भरपाई द्यायला लंडनकर संघटना तयार नव्हती. १८७७ साली पहिली गिरणी सुरू झालेल्या आणि पुढे तीन पिढ्या भोंग्यावर उठलेल्या सोलापूरला या भांडणातलं मर्म वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. या फारकतीतून तेरा खेळाडूंची रग्बी लीग जन्मली. ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घट्ट रुजली, पण त्यापलीकडे फार पसरली नाही. १९५४ पासून विश्वचषक होतो आहे आणि आजवर तो ऑस्ट्रेलिया, ग्रेट ब्रिटन आणि न्यूझीलंड या तिघांशिवाय कोणीही जिंकलेला नाही.

२००० साली त्यांनी धाडस केलं आणि विश्वचषकात सोळा संघ घेतले. ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असं हरवलं. स्पर्धेवर टीकेची झोड उठली आणि पुढचा विश्वचषक व्हायला थेट २००८ उजाडलं. तोही दहाच संघांचा. पुढे संख्या वाढत वाढत पुन्हा सोळावर आली. २०२५ च्या यजमानपदातून फ्रान्सने अंग काढून घेतल्यावर स्पर्धा ऑस्ट्रेलियाकडे आणि २०२६ वर गेली, आणि पुरुषांचे संघ पुन्हा दहा. घाबरून दार लावायचं, मग धीर करून उघडायचं, मग पुन्हा लावायचं, अशी ही चाळीस पावलं पुढे आणि तीस मागे चाल आहे. मला ती चुकीची वाटते, आणि याचा पुरावा त्यांच्याच खेळात आहे.

१५ ऑक्टोबर २०२२ रोजी विश्वचषकाच्या सलामीला इंग्लंडने सामोआचा ६०-६ असा फडशा पाडला. आणखी एक एकतर्फी सामना, असंच कोणीही म्हणालं असतं. १२ नोव्हेंबरला उपांत्य फेरीत हेच दोन संघ पुन्हा भिडले आणि जादा वेळेतल्या एका गुणावर सामोआने २७-२६ असा विजय मिळवला. महिन्याभरात! टोंगाचं उदाहरण त्याआधीचं. २०१७ मध्ये जेसन टॉमलोलो या त्या काळच्या अव्वल खेळाडूने न्यूझीलंडऐवजी आईवडिलांच्या टोंगाकडून खेळायचं ठरवलं. टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असं हरवलं आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियालाही १६-१२ असं नमवलं. या बेटांचे बहुतेक खेळाडू सिडनी-ऑकलंडच्या क्लबांत तयार झालेले. त्यांना मूळ देशाकडून खेळण्याची मुभा मिळाली आणि वर्षभर तोडीस तोड सामने मिळत होतेच.

दुसऱ्या रग्बीचा, म्हणजे युनियनचा, दाखलाही बोलका आहे. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असं हरवलं होतं. बरोबर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं गारद केलं. १९९५ च्या त्या निकालावरून जपानला स्पर्धेबाहेर ठेवलं असतं, तर २०१५ चा दिवस उगवलाच नसता.

अगदी घरचा दाखला हवा असेल तर कबड्डीचा आहे. १९९० पासून आशियाई खेळांत पुरुष कबड्डीचं सुवर्ण भारताशिवाय कुणाला मिळालं नव्हतं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिने इराण-कोरियाच्या खेळाडूंना दार उघडलं. फजल अत्राचली आणि जांग कुन ली आपल्याच खेळाडूंबरोबर राहिले, जेवले, त्यांच्याकडून शिकले. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत कोरियाने भारताला गटात २४-२३ असं हरवलं आणि उपांत्य फेरीत इराणने बाहेर काढलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असं नमवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी फारसी शिकून घेतली, सरावात योग आणि प्राणायाम आणला. तेव्हा काहींना वाटलं, आपल्याच माणसाने आपल्याला हरवलं. माझ्या मते कबड्डीवर त्यांचे उपकार आहेत. २०२३ च्या हांगझोउ खेळांत भारताने दोन्ही सुवर्णपदकं परत मिळवली, आणि कशी? पुरुषांनी इराणला ३३-२९, महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५. त्या सुवर्णाची किंमत आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त, कारण ते हातातून जाऊ शकत होतं.

उलटा धडाही महाराष्ट्राच्या मातीवरच घडला. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. २००३ मध्ये केनिया विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचली. मग मोठ्या देशांनी तिच्याशी खेळणं जवळजवळ थांबवलं आणि ते क्रिकेट विरून गेलं. २०१९ ला तर क्रिकेटचा विश्वचषकच दहा संघांचा झाला. त्याउलट २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात वीस संघ घेतले, तेव्हा अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं; ती ओव्हर टाकणारा होता मुंबईचा सौरभ नेत्रावळकर.

खो-खोचं पारडं अजून कुठल्याही बाजूला झुकलेलं नाही. त्याच्या विश्वचषकात पुरुषांचा भारत-नेपाळ हा पहिलाच सामना ४२-३७ असा झाला, म्हणजे नेपाळ आजच तोडीला आलं आहे. त्यांना खो-खो आशियाई स्पर्धांत आणि दक्षिण आशियाई खेळांत नियमित खेळायला मिळाला, हे त्यामागचं साधं कारण. २०१६ च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई खेळांत भारतीय मुलींचं नेतृत्व केलेल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या पिढीने नेपाळ-बांगलादेशाशी झुंजून तो दर्जा वर नेला. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांच्या संघांत भारतीय वंशाची मुलं आहेत, म्हणजे टोंगा-सामोआची वाट आपल्यासाठीही मोकळी आहे.

मग करायचं काय? दुबळ्या संघाविरुद्ध हात आखडता घेऊन खेळा, असं मी आपल्या मुलींना कधीच सांगणार नाही. तो समोरच्याचा अपमान आहे. संघांची संख्या कमी करणं तर त्याहून वाईट. पहिल्या फेरीनंतर हरलेल्या संघांसाठी रग्बी सेव्हन्ससारखा दुसरा चषक ठेवावा, म्हणजे कोरिया घरी जाताना आपल्या तोडीच्या संघाशी दोन-तीन सामने खेळून, कदाचित एखादा जिंकून जाईल. अल्टिमेट खो-खो लीगमध्ये प्रत्येक संघात परदेशी खेळाडू सक्तीचे करावेत आणि त्यांना नुसतं बाकावर न बसवता मैदानात उतरवावं. वजीर, म्हणजे कुठल्याही दिशेने धावायची मुभा असलेला गडी, ही त्या लीगने आणलेली चांगली कल्पना आहे. एखादा नेपाळी किंवा केनियन वजीर आपल्या संरक्षकांची परीक्षा पाहू लागला, तर आपलाही खेळ सुधारेल.

पण सर्वांत मोठं काम माणसं पाठवण्याचं आहे. आठवड्याच्या शिबिराने साखळी येत नाही. एका शैलजा जैन यांच्याइतकं शिबिरांनी होत नाही. भारत २०३६ च्या ऑलिम्पिकचं यजमानपद मागतो आहे आणि खो-खो तिथे न्यायची महासंघाची इच्छा आहे. त्यासाठी परीक्षा पाहणारे देश लागतील, आणि ते आपल्यालाच घडवावे लागतील. खो-खोच्या जोरावर नोकरीला लागलेले आणि आता मैदानातून निवृत्त झालेले कितीतरी खेळाडू आपल्या जिल्ह्यांत आहेत. कुणी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, कुणी पोलिसांत, कुणी रेल्वेत. त्यांच्यातल्या इच्छुकांना वर्षभराची भरपगारी रजा देऊन नैरोबी, सेऊल, काठमांडू इथे पाठवावं, अशी लेखी मागणी सोलापूर आणि धाराशिवच्या जिल्हा संघटनांनी राज्य शासनाकडे आणि रेल्वेकडे या वर्षीच करावी.