वाटेवर पडलेला माणूस आणि कायदा

हैदराबादच्या नल्लकुंटा भागातील फीवर हॉस्पिटलला जुनी मंडळी ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटीनचे हे देशी रूप. पिसाळलेले कुत्रे चावलेले रोगी तेथे आणतात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की हाती जवळजवळ काहीच राहत नाही. खरा उपाय चावल्याबरोबरचा : जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे. म्हणजे त्या घटकेला जवळ कोण होते, यावर पुष्कळ अवलंबून असते. मग जवळच्या माणसावर मदतीची कायद्याने सक्ती करावी काय?

फ्रान्समध्ये ती आहे. मदत करणे शक्य असून न करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीत एक वर्षापर्यंत. मात्र दोन्हीकडे अट अशी की, मदत करणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला धोका नसावा. ही अट आपण नीट ध्यानात घ्यावी. विहिरीचा गाळ काढताना एकजण वायूने बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी, आणि तिघेही दगावतात. तेथे खाली न उतरता अग्निशामक दलाला बोलावणारा माणूस भित्रा नव्हे.

आपल्या देशात अशी सरसकट सक्ती नाही. ज्याच्या वाहनाने अपघात झाला त्या चालकाने जखमीला उपचार मिळवून दिला पाहिजे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. जखमीला आधी वाचवावे, पोलिसी सोपस्कार मागून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली डॉक्टरांना बजावले. बाकीच्यांना मोकळीक आहे.

लोक थांबत नाहीत ते मन कठोर म्हणून नव्हे. पोलीस चौकी, साक्ष, दवाखान्याचे बिल यांची धास्ती असते. ती घालविण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली नियम काढले, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ते बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली तरी मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. नाव सांगण्याची जबरदस्तीही करता येत नाही. या तरतुदीला इंग्रजीत चांगल्या शोमरोन्याचेच नाव आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातला तो प्रवासी जखमीला उतारशाळेत पोचवून, पैसे देऊन, दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेला लागला. त्याला कोणी जबाबासाठी अडकवून ठेवले नाही!

आमच्या मते सक्ती करायचीच तर ती कळविण्यापुरती असावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हैदराबादेतच २००५ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोन करण्यात कोणाच्या जिवाला धोका नाही. अंगावर उचलाउचलीची सक्ती केली, तर मान मोडलेल्या माणसाला घाबरून ट्रॉलीत टाकून नेणारे वाढतील.

गाडी येईपर्यंत वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्धाला पाणी पाजू नये. साप चावल्यास आवळून दोरी बांधू नये व जखम कापू नये. तो अवयव हलू देऊ नये. फवारणीचे औषध अंगावर सांडले तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, पोटात गेले तर मीठ-पाणी देऊन ओकारी काढू नये, आणि औषधाची बाटली लेबलासह दवाखान्यात बरोबर न्यावी.